पिन नसलेला दिवा

"पिन कुठाय हो याची?" अण्णांनी विचारलं.

इक्बालभाई होडेकरांनी दिवा काउंटरवर उलटा केला. पितळेच्या खोलगट बैठकीतून दोनच वायरी बाहेर आल्या होत्या, एक तपकिरी आणि एक निळी. टोकं सोललेली. बाकी काही नाही.

"पिन नाय याला, अण्णा. हा थेट छतात जोडायचा. एकदा चढवला की चढवला."

"म्हणूनच विचारतोय. पिनवाल्याची चूक परवडते. पिन काढली की सुटलं. याची चूक छतात जाऊन बसते."

इक्बालभाई हसले. "अण्णा, तुमी दिवा घ्यायला आलाव का त्याची पत्रिका बघायला?"

"पत्रिकाच," अण्णा म्हणाले आणि दिव्याला हात न लावता त्याच्याभोवती मान फिरवून बघू लागले.

रत्नागिरीतलं हे दुकान तसं लहान होतं. इक्बालभाईंचा धाकटा भाऊ जेद्दाला होता आणि तिकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या सामानात एखादं खोकं तरी होडेकरांचं असायचं. टेपरेकॉर्डर, मिक्सर, गालिचे, अत्तराच्या कुप्या. हा दिवा आदल्या दिवशीच आला होता. काचेची पाच दुधी फुलं, सोनटक्क्यासारखी लांबट पाकळ्यांची, आणि प्रत्येक फुलात करंगळीच्या नखाएवढा एक हॅलोजनचा दिवा. मला तो बघताक्षणी आवडला होता. पण मी आवडनिवड करायला आलेच नव्हते. मी माझ्या वडिलांची परीक्षा घ्यायला आले होते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना ते माहीत नव्हतं.

ही एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या मार्चमधली गोष्ट. आमचं घर बांधून होत आलं होतं. भिंतींत पाइप गाडून झाले होते, वायरी ओढायच्या बाकी होत्या. एका रविवारी जेवताना अण्णा ताटातल्या भाताकडे बघत म्हणाले होते, "वायरिंग मी केलं तर चालेल काय?" अडुसष्ट वर्षांच्या माणसाने लेकीच्या घरात काम मागावं तसं मागितलं होतं त्यांनी. मी पटकन हो म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "विचारते."

घराची देखरेख माझे मोठे दीर करत होते. ते पुण्यात इंजिनिअर. त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "वासंती, ते तुझे वडील आहेत, मी जास्त बोलत नाही. पण सभागृहाचं मला ठाऊक आहे." माझा नवरा श्रीधर म्हणाला, "तू ठरव. विजेतलं तुला कळतं, आणि अण्णाही तुलाच कळतात." शेवटी भाऊजींनी मुदत घातली. शनिवारी पाचपर्यंत माझा फोन आला नाही तर ते ठेकेदाराला होकार देणार होते.

सभागृहाचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. अण्णा आमच्या गावच्या नगरपालिकेत वायरमन होते. एकोणऐंशी साली गावात नवं सभागृह झालं. परदेशात राहणाऱ्या गावच्या एका माणसाने त्यासाठी रंगमंचावर लावायला एक मोठा दिवा पाठवला. अण्णांनी तो चढवला. उद्घाटनाच्या दिवशी, भाषणं चालू असतानाच, दिव्यातून धूर निघाला आणि मखमली पडदा पेटला. माणसं वाचली. पडदा, पेटी आणि तबला जळाला. चौकशी झाली. परदेशी दिवा न तपासता जोडला, असा ठपका अण्णांवर आला. त्यांची शिडी काढून घेतली आणि त्यांना भांडारात बसवलं. पुढची नऊ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते दुसऱ्या वायरमनना बल्ब मोजून देत होते. गावातली पोरं त्यांना बघून तोंडाने 'फट्' असा आवाज काढायची.

मी तेव्हा रत्नागिरीत मावशीकडे राहून बारावी करत होते. पुढे मी फिजिक्स घेतलं, एमएस्सी झाले, ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागले. अण्णांबद्दल मला प्रेम होतं, आदरही होता. फक्त त्यांच्या कामावर विश्वास ठेवायची वेळ कधी आली नव्हती, आणि आता ती आली होती. अंदाजाने निकाल द्यायची मला सवय नाही. म्हणून मी त्यांना निरोप पाठवला की दिवाणखान्याचा दिवा निवडायचा आहे, शनिवारी या. ते सकाळच्या एसटीने आले. खांद्याला एक जड कापडी पिशवी होती. काय आहे विचारलं तर म्हणाले, "असू दे."

"पाटी असेल ना याला?" अण्णांनी आता विचारलं.

इक्बालभाईंनी बैठकीच्या कडेला बोट दाखवलं. टपालाच्या तिकिटाएवढा चंदेरी कागद चिकटवला होता. अण्णांनी तो वाचायचा प्रयत्नही केला नाही. मी मनात नोंद केली. पहिली चूक.

"बाय, वाच बघू," ते म्हणाले.

मी दिवा उजेडाकडे वळवून वाचलं. एकशेसत्तावीस आणि दोनशेवीस व्होल्ट, मधे तिरकी रेघ. खाली पाच दिवे, प्रत्येकी वीस वॉट.

"दोन्हीवर चालतो, अण्णा. जेद्दाला एकशेसत्तावीस असतात, आपल्याकडे दोनशेतीसच्या आसपास. दोन्हीकडे विकता यावा म्हणून तसा केलाय."

"झालं की मंग!" इक्बालभाईंनी टाळी वाजवली. "मॅडम बोलल्या, विषय संपला. तिकडनं टेप येतो, त्याला मी हा डबा देतो." त्यांनी काउंटरखालचा विटेएवढा लोखंडी डबा पायाने दाखवला. "दोनशेतीसचे एकशेसत्तावीस करतो. पण छतातल्या दिव्याला डबा खंय बांधणार? आता डब्याचीच गरज नाय."

अण्णा माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. आपण ओळखीच्या वळणावर आलोय की काय, अशा नजरेने.

"तेवढंच लिहिलंय?"

"तेवढंच."

"कुठे एकशेसत्तावीस आहेत नि कुठे दोनशेवीस, ते त्याला आपोआप कळतं?"

"कळतं. आमच्या प्रयोगशाळेत नवा संगणक आलाय, त्याचा पुरवठाही तसाच आहे. शंभर द्या नाहीतर दोनशेचाळीस द्या, तो आपला आपण जुळवून घेतो."

"असेल," अण्णा म्हणाले आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवून सोडायला लागले.

आतून एक लाकडी बोर्ड निघाला. वर्षानुवर्षं हाताळून कडा गुळगुळीत झालेल्या. त्यावर बल्बचा एक होल्डर, बाजूला चिमटे लावलेल्या दोन वायरी आणि मागे प्लग. मग धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेले चार बल्ब. गावोगावच्या वायरमनांकडे असतो तसाच तो सिरीज बोर्ड होता. विजेच्या वाटेत आधी आपला बल्ब, मग तपासायची वस्तू, असं एकामागे एक जोडायचं.

मला इक्बालभाईंसमोर संकोच वाटला. "अण्णा, आता हे कशाला? लिहिलंय ना त्यावर. मी वाचलं ना."

"वाचलंस ते बरोबरच असेल."

"मग?"

"मला लावून बघू दे."

आवाज खालचा होता, पण त्यात मागणं नव्हतं. भाताकडे बघून काम मागणारा माणूस हा नव्हता.

इक्बालभाई काळजीत पडले. "अण्णा, दिवा उडाला म्हंजे? एकच नग आलाय."

"उडणार नाही. मधे माझा माणूस उभा आहे ना." त्यांनी बल्बच्या गुंडाळीवर थाप मारली. "काय धक्का बसायचा तो आधी तो खाईल." मग मला विचारलं, "वॉट किती म्हणालीस?"

"पाच दिवे, वीसचे. शंभर."

त्यांनी चार बल्बांतून शंभरचा काढला, फुंकर मारून पुसला आणि होल्डरात बसवला. मला आता खरंच कुतूहल वाटू लागलं. सिरीज बोर्डाने वस्तूत शॉर्ट आहे की नाही ते बघतात, एवढं मला ठाऊक होतं. त्यासाठी कुठलाही बल्ब चालतो. मोजून शंभरचाच का?

मी विचारलं.

"बरोबरीचा पाहिजे. सोयरीक करताना बघत नाहीत काय? एका ताटात जेवायला बसवायचे दोघांना. दोघांनी सारखं वाटून खाल्लं तर दिवा आपल्याकडचा. एकच भराभर खायला लागला, दुसरा उपाशी राहिला, तर परका."

"हे कुठे शिकलात?"

"भांडारात," अण्णा म्हणाले. "नऊ वर्षं बल्बच होते सोबतीला."

चिमटे तपकिरी आणि निळ्या वायरीला लागले. इक्बालभाईंनी दुकानाचं दार ओढून उजेड कमी केला आणि दोन पावलं मागे सरले. अण्णांनी बटण दाबलं.

बोर्डावरचा बल्ब चांगला पिवळा, जवळजवळ पूर्ण तेजाने पेटला. सोनटक्क्याच्या पाच फुलांत मात्र पाच लालसर तारा तेवढ्या दिसल्या. राखेखालच्या निखाऱ्यांसारख्या.

"पेटला की वो!" इक्बालभाई म्हणाले.

"उपाशी आहे," अण्णा म्हणाले. "परका."

त्यांनी बटण बंद केलं. मी म्हटलं, "परत लावा."

"बाय?"

"परत एकदा लावा, अण्णा."

त्यांनी लावलं. मी वाकून एकदा बल्ब बघितला, एकदा फुलं. मग इक्बालभाईंकडे पेन मागितलं आणि दिव्याच्या खोक्याचं झाकण उलटं करून त्यावर लिहायला लागले. परीक्षा, भाऊजी, पाच वाजता करायचा फोन, सगळं मी त्या क्षणी विसरले होते. समोर एक प्रश्न होता आणि तो फार सुंदर होता.

एकामागे एक जोडलेल्या दोघांतून प्रवाह एकच वाहतो. दोघं शंभर वॉटचे आणि दोघं दोनशेतीस व्होल्टचे असतील तर दोघांचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सारखा, म्हणून व्होल्टेजही निम्मंनिम्मं वाटलं जाणार आणि दोघं सारखेच मंद पेटणार. पण एक जण एकशेसत्तावीसचा असेल तर? तेवढेच वॉट कमी व्होल्टवर काढायचे तर त्याचा रोध कमी हवा. किती कमी? मी भागाकार केला. दुसऱ्याच्या एक तृतीयांशाहूनही थोडा कमी. म्हणजे दोनशेतीसातले तीन वाटे बोर्डावरच्या बल्बला आणि जेमतेम एक वाटा फुलांना.

समोर दिसत होतं ते हेच.

"तीनास एक," मी म्हटलं. "अण्णा, तीनास एक वाटणी होतेय. हा दिवा एकशेसत्तावीसचाच आहे. तुमचा बोर्ड नुसतं परका म्हणत नाही, किती परका तेही सांगतोय!"

"ते मला नाही ठाऊक," अण्णा म्हणाले. पण ते खोक्याच्या झाकणावरच्या आकड्यांकडे वाकून बघत होते आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं. "असं होतं, एवढं ठाऊक होतं. का होतं, ते आज कळलं."

इक्बालभाई मात्र हिरमुसले होते. "मंग मॅडम, पाटी खोटी काय? माझा भाव असा खोटा माल नाय पाठवायचा."

हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड होता. पाटीवर दोन्ही आकडे होते आणि छपाई कंपनीची होती. बोर्डही खोटं बोलत नव्हता. दोन साक्षीदार, दोघंही खरे. असं झालं की चूक साक्षीत नसते, आपण लावलेल्या अर्थात असते. मी दिवा दोन्ही हातांनी उचलला आणि प्रथमच त्याचं वजन जाणवलं. पाच काचफुलं आणि पितळेचा पत्रा एवढा जड नसतो. आत लोखंड होतं. लोखंडी गाभ्यावर तांब्याचे वेढे घातलेला, साध्यातला साधा ट्रान्सफॉर्मर. माझ्या संगणकातली यंत्रणा वेगळी, तिला कळतं. लोखंडाला काही कळत नाही. आत येणारी वीज किती व्होल्टची आहे ते बघून ट्रान्सफॉर्मर आपले वेढे बदलत नाही, हे मी दर वर्षी बारावीच्या वर्गाला शिकवत होते. आणि ती तिरकी रेघ बघून मी 'आपोआप' म्हणाले होते.

"याला आपोआप कळत नाही," मी म्हटलं. कान गरम झाले होते. "कोणीतरी आत बदलावं लागत असणार."

अण्णांनी इक्बालभाईंना विचारलं, "उघडू काय? ओरखडा उठणार नाही."

"उघडा, बाबा. आता मलापन बघायचंय."

तीन स्क्रू निघाले. पितळेची बैठक वर उचलली. आत लोखंडी ठोकळा, आणि त्याच्या कडेला ओळीने तीन पितळी स्क्रू. मधल्या स्क्रूपासून डावीकडच्या स्क्रूपर्यंत बोटाच्या पेराएवढी एक पट्टी आवळलेली. डाव्या स्क्रूपाशी बारीक अक्षरात एकशेसत्तावीस. उजवा स्क्रू मोकळा. त्याच्यापाशी दोनशेवीस.

कारखान्याने दिवा दोन्हींसाठी बनवला होता आणि जेद्दाच्या हिशोबाने पट्टी लावून पाठवला होता. पाटीवर हे नव्हतं. असेल तर खोक्यातल्या एखाद्या घडीच्या कागदावर असेल, आणि खोक्यात तो कागद नव्हता.

"ही बघ," अण्णा हळूच म्हणाले. पेचकसाचं टोक त्या पट्टीवर टेकलेलं होतं. "त्यातही अशीच होती."

"कशात?"

"सभागृहाच्या दिव्यात. जळाल्यावर उघडला तेव्हा दिसली."

माझ्यातली परीक्षक जागी झाली. आज आठवलं तरी मला तिची लाज वाटते. मी विचारलं, "तेव्हा हा बोर्ड नव्हता तुमच्याकडे?"

"होता की. बोर्ड सगळ्यांकडे असतो."

"मग चढवण्याआधी लावून का नाही बघितला?"

अण्णांनी पेचकस पट्टीवरून उचलला. "गरज वाटली नाही. सांगितलं होतं दोनशेवीसचा आहे म्हणून."

"सायबानं सांगितलं असंल," इक्बालभाई कळवळून म्हणाले. "सायेब सांगतो नि गरीब मरतो, असंच असतंय."

"साहेब नाही," अण्णा म्हणाले आणि ताबडतोब जोडलं, "जरा बारीक पेचकस आहे काय, इक्बालभाई?"

इक्बालभाई आत शोधायला गेले. अण्णा दिव्यावर नको तितके वाकले होते. त्यांच्या मानेच्या मागची कातडी मला दिसत होती, उन्हाने पोळलेली, बारीक रेघांनी भरलेली. आणि कोणीही काही न सांगता मला आमच्या गावच्या घराची ओटी आठवली.

रविवार होता. मी शनिवारी मावशीकडून आले होते. अण्णांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून काहीतरी मोठं आणलं, पोतं सोडलं आणि ओटीवर ठेवलं. "बाय, बघ काय आणलंय. परदेशातला आहे. उद्या चढवायचाय." ते मला दाखवायला घरी आणलं होतं त्यांनी. मी सतरा वर्षांची होते, सायन्सला होते, आमच्या आळीत सायन्सला गेलेली पहिली मुलगी. त्यांनी दिवा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "इंग्लिशमधे लिहिलंय, वाच बघू." शेजारच्या काकू कुंपणापलीकडून बघत होत्या. मी मोठ्याने वाचलं. काय वाचलं? सगळं नाही वाचलं. दोन आकडे होते. एक माझ्या ओळखीचा नव्हता, दुसरा ओळखीचा होता. मी ओळखीचा तेवढा घेतला. "दोनशेवीस, अण्णा. आपल्याकडे चालतो." आणि अण्णा कुंपणाकडे बघून हसले होते.

मी ते पूर्ण विसरले होते. विसरायचं म्हणून विसरले नव्हते. माझ्या दृष्टीने तेव्हा काही घडलंच नव्हतं, मी फक्त एक आकडा वाचला होता.

"अण्णा."

"हं."

"तो दिवा तुम्ही आधी घरी आणला होतात."

"आणला असेन."

"मी वाचलं होतं त्याच्यावरचं."

त्यांनी मोकळा स्क्रू बोटाने फिरवून बघितला.

"मीच सांगितलं होतं, दोनशेवीस."

"तू लहान होतीस."

"सतरा वर्षांची होते."

"तेच म्हणतोय."

"चौकशीत विचारलं असेल ना तुम्हाला, पाटी कोणी वाचली म्हणून?"

"विचारलं."

"काय सांगितलंत?"

"मी वाचली म्हणून सांगितलं." त्यांनी बोटाने बैठकीवरची धूळ पुसली. "साहेब म्हणाला, तुला इंग्लिश येतं काय? म्हटलं, आकडे येतात."

"अण्णा, पण का?"

आता त्यांनी मान वर केली. मी काहीतरी अगदीच बाळबोध विचारल्यासारखं बघितलं. "वायरमन मी होतो, बाय. जोडला मी. वाचणाराने वाचलं. लावून बघायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. त्यात खोटं काय सांगितलं?"

"मग मला तरी सांगायचंत."

"तुझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती त्या महिन्यात. मग ती झाली. मग लेखी आली. मग तू कोल्हापूरला गेलीस. मग राहून गेलं."

एकोणीस वर्षं. भांडारातली नऊ वर्षं, गावातल्या पोरांचे ते आवाज, माझ्या लग्नात भाऊजींच्या कोणा नातेवाइकाने हळूच विचारलेलं, "हेच का ते सभागृहवाले?" आणि तेव्हा मी खाली घातलेली मान. ती मान त्यांनी बघितली होती. मांडवात ते माझ्यापासून दहा हातांवर उभे होते.

इक्बालभाई बारीक पेचकस घेऊन आले. आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून जरा थबकले. "काय, आनिक बिघाड निघाला काय?"

"नाही," अण्णा म्हणाले. "ही पट्टी फिरवली की झालं. बाय, तू फिरवतेस?"

मी पेचकस घेतला. दोन स्क्रू सैल केले, पट्टी उजवीकडे वळवली, दोनशेवीसच्या स्क्रूखाली सरकवली आणि दोन्ही आवळले. अण्णांनी हलवून बघितलं. मग स्वतः अर्धा वेढा आणखी आवळला.

"तुला जोर नाही," ते म्हणाले.

बैठक चढवली, चिमटे लावले, दार पुन्हा ओढलं. बटण दाबलं तेव्हा बोर्डावरचा बल्ब मंद नारिंगी झाला आणि काचेची पाच फुलं तशीच मंद नारिंगी. काउंटरच्या दोन टोकांना एकाच रंगाचा उजेड होता, एकीकडे एक, एकीकडे पाच, आणि कुठेही कमीजास्त नव्हतं.

"जमली सोयरीक!" इक्बालभाई ओरडले. "बांधू काय मॅडम?"

"बांधा," अण्णा म्हणाले. "पण आधी तुमच्या भावाला कळवा. पुढच्या वेळी आतला कागद फेकू नको म्हणावं. आणि बाय, फोनचं बघ. पाच वाजत आलेत."

मी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"काय कसं? श्रीधर बोलला होता भाऊजींचं. आणि दिवा निवडायला कोण वायरमन बापाला एसटीने बोलावतं गो? आवडला तो घ्यायचास." ते बल्ब पुन्हा धोतराच्या पानात गुंडाळायला लागले. एकेक, सावकाश, माझ्याकडे न बघता. "काय सांगायचं ते सांग. ठेकेदाराला दिलंत तरी माझं काही म्हणणं नाही. चांगली माणसं असतात ती पण."

इक्बालभाईंनी फोन माझ्याकडे सरकवला. पुण्याचा नंबर लागायला तीन प्रयत्न लागले.

"बोल वासंती," भाऊजी म्हणाले. "काय ठरलं?"

"वायरिंग अण्णा करतील."

मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, मला कळतं. वडील आहेत. पण भावनेच्या भरात—"

"भावनेच्या भरात नाही, भाऊजी. तपासून सांगतेय."

"बरं, उद्या काही झालं तर? सभागृहासारखं? जबाबदार कोण?"

"मी."

"तू कशी जबाबदार?"

"सभागृहालाही मीच होते."

"म्हणजे? काय बोलतेयस तू?"

अण्णांच्या हातातली गुंडाळी तशीच राहिली. त्यांनी मान हलवली. मग हात वर करून पंजानेच खूण केली, राहू दे, नको. इक्बालभाई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते.

मी पाठ फिरवली नाही. अण्णांकडेच बघत, रिसीव्हर दोन्ही हातांत धरून, मी भाऊजींना सांगायला सुरुवात केली. रविवार होता, मी सतरा वर्षांची होते, आणि अण्णांनी तो दिवा माझ्या मांडीवर ठेवला.